आमची वाटचाल : आधी लाकडी, मग इलेक्ट्रिक

पुण्यात गिटारदुरुस्तीचं आमचं छोटं वर्कशॉप २००४ साली सुरू झालं, तेव्हा आम्ही दोघे भाऊ होतो. लाकूडकाम माझं, विजेचं काम दादाचं. मी मिरजेला एका कारागिरांच्या हाताखाली तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासायला, शिकलो होतो. दादा रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. भांडवल बेताचंच होतं. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजची मुलं, ऑर्केस्ट्रावाले, चर्चमध्ये वाजवणारे. आम्हा दोघांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट मात्र एकच होती : एरिक क्लॅप्टन या इंग्लिश गिटारवादकाचे दोन अल्बम. दादा एकाचा भक्त, मी दुसऱ्याचा.

ज्यांना या अल्बमांमागचा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऑगस्ट १९९० मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधला कार्यक्रम आटोपून निघालेलं हेलिकॉप्टर कोसळलं. त्यात स्टीव्ही रे वॉन हा ब्ल्यूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सुखदुःखाचं संगीत) वाजवणारा मोठा गिटारवादक गेला आणि त्याच्यासोबत क्लॅप्टनच्या चमूतली माणसंही गेली. त्यातून क्लॅप्टन सावरतो न सावरतो तोच, मार्च १९९१ मध्ये त्याचा साडेचार वर्षांचा मुलगा कॉनर न्यू यॉर्कमध्ये ५३व्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून दगावला. क्लॅप्टनने दारू सोडून तेव्हा काहीच वर्षं झाली होती. एवढं होऊनही तो पुन्हा तिच्याकडे वळला नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

जानेवारी १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत तो मोजक्या श्रोत्यांसमोर खुर्चीवर बसून वाजवायला लागला. मांडीवर मार्टिन कंपनीची १९३९ सालची ट्रिपल-ओ ४२ गिटार. ‘अनप्लग्ड’ हा अल्बम त्याच मैफलीचा. मुलासाठी केलेलं गाणं त्याने नायलॉनच्या तारांच्या गिटारवर वाजवलं, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते तेच. माझा जीव अडकतो तो बाकीच्या गाण्यांत. रॉबर्ट जॉन्सन, बिग बिल ब्रून्झी अशा जुन्या माणसांच्या रचना तो तिथे गातो, आणि त्यात कुठेही घाई नाही. स्वतःचं दुःख सांगायला शब्द सापडत नसतील तर आधीच्यांनी सांगून ठेवलेलं म्हणावं, असं काहीसं त्या वाजवण्यात आहे. १९९३ साली क्लॅप्टनला ग्रॅमी हे संगीतातले मोठे पुरस्कार एकूण सहा मिळाले, त्यातले काही त्या अल्बमचे.

दादाचा लाडका अल्बम १९९४चा, ‘फ्रॉम द क्रेडल’. त्यातही सगळ्या जुन्याच ब्ल्यूज रचना, पण बहुतांश इलेक्ट्रिकवर. सगळा वाद्यवृंद स्टुडिओत एकत्र बसला आणि एका दमात वाजवला. मागाहून भर घातली ती फक्त दोन गाण्यांत : एकात डोब्रो (धातूची तबकडी बसवलेली गिटार), एकात ड्रम. आवाज घोगरा, काही ठिकाणी अक्षरशः ओरडलेला. दादा म्हणायचा, “पहिल्यात तो रडून घेतो, दुसऱ्यात भांडतो.” मी तेव्हा वाद घालायचो. आता मला त्याचं म्हणणं पटलंय.

धंद्याच्या दृष्टीनेही या रेकॉर्डिंगचं आमच्यावर ऋण आहे. ट्रिपल-ओ म्हणजे ड्रेडनॉट या नेहमीच्या मोठ्या घाटापेक्षा लहान अंगाची गिटार. मांडीवर नीट बसते, बोटांनी छेडली की सूर सुटा सुटा ऐकू येतो. मार्टिन कंपनीने १९९५ साली क्लॅप्टनच्या नावाने या घाटाच्या ४६१ गिटार काढल्या, पुढे जरा स्वस्त मॉडेलंही आणली. त्याची मूळ गिटार २००४ मध्ये लिलावात ७,९१,५०० डॉलरला गेली आणि ते पैसे त्याने अँटिग्वा बेटावर काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी दिले. अशा गिटार परवडणारी माणसं आमच्याकडे थोडीच, पण त्या घाटाची देशी किंवा चिनी गिटार घेऊन येणारे पुष्कळ. “साहेब, तसा आवाज काढून द्या,” म्हणतात. तिथे मिरजेचं शिक्षण कामाला येतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार गुंजायला हवी, गिटारच्या सॅडलवर, म्हणजे तारांखालच्या हाडाच्या पट्टीवर, ती स्वच्छ सुटायला हवी. कानस तीच, हाडही तसंच, फक्त उतार वेगळा. बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड तार साधारण २.४ मिलिमीटर आणि बारीक तार १.६ मिलिमीटर उंच ठेवली की बोटांना त्रास होत नाही आणि तार खरखरतही नाही.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत दादा गेला. काही महिने शटर बंदच होतं. उघडलं तेव्हा मी फक्त लाकडी गिटार घ्यायला लागलो. ॲम्प घेऊन कुणी आलं की दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचो. दादाच्या टेबलावर चादर टाकलेली होती. दिवसभर ‘अनप्लग्ड’ लावून सॅडल घासत बसायचो, आणि त्या दिवसांत तेवढंच जमत होतं.

वहिनींनी हिशोब हातात घेतल्यावर एका संध्याकाळी विचारलं, “भाऊजी, त्यांचं टेबल किती दिवस झाकून ठेवणार? निम्मी गिऱ्हाइकं परत जातायत.” माझा पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरीच होता. तो त्या टेबलावर बसायला लागला. त्याने दुरुस्त केलेला पहिला ॲम्प व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, होता. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तीन-चारशे व्होल्ट साठून राहतात. रेझिस्टर लावून ते आधी उतरवायचे, मीटरने खात्री करायची, आणि एक हात खिशात ठेवूनच आत दुसरा घालायचा, हा दादाचा दंडक. पोराला तो न सांगता माहीत होता, लहानपणापासून बघत आला होता ना. ॲम्प चालू झाल्यावर आम्ही ‘फ्रॉम द क्रेडल’ लावला, चांगला मोठ्याने. वहिनी कामं सोडून आत येऊन बसल्या.

सध्या दोन्ही टेबलं सुरू आहेत आणि लाकडाच्या टेबलावर एक मुलगी शिकायला येते. कोकण आणि गोव्याकडून गिटार येतात त्या बहुधा पावसाळ्यानंतर : दमट हवेने वरची फळी फुगते, सॅडल बसवलेला ब्रिज वर येतो, तारा उंच होतात. तसं झालं तर लगेच सॅडल घासून घेऊ नका. हिवाळ्यात फळी परत बसली की तारा फ्रेटला लागतील. महिनाभर गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि मग आमच्याकडे आणा. उंची मोजायचे आम्ही पैसे घेत नाही.