वीतभर जुना रंग ठेवून अ‍ॅटलसची फ्रेम रंगवताना

एप्रिल

फ्रेम मोकळी करायला दोन रविवार गेले. त्यातला दीड रविवार एका कपापायी.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: सायकल आजोबांची. अ‍ॅटलस, २२ची फ्रेम, २८ची चाकं, रॉड ब्रेक. आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (कापडगिरणीत) होते आणि सक्करदऱ्याहून मिलपर्यंत पाळी कुठलीही असो, याच सायकलवर जायचे. नंतर ती बाबांकडे आली, मग गच्चीच्या जिन्याखाली गेली आणि तिथेच वीसेक वर्षं राहिली. नळ्या कुठेही सडलेल्या नाहीत, लगमधला (नळ्या जिथे जुळतात त्या बाहीतला) पितळी जोड सगळीकडे शाबूत. म्हणून हात घातला.

क्रँकच्या काटर पिना (क्रँकला धुरीवर पक्कं धरणाऱ्या) निघाल्या. युक्ती जुनीच आहे: नट पूर्ण काढायचा नाही, आट्यांच्या टोकाशी बरोबर आणून ठेवायचा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकू म्हणून उभा करायचा आणि एकच सणसणीत घाव. भीत भीत दहा मारले की पिन वाकते आणि मग ड्रिलशिवाय गती नाही. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं, त्याचाही उपयोग झाला असावा.

आता तो कप. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पायडलची धुरी जिथे फिरते ती जागा) उजव्या बाजूच्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. सोडवायचा तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. हे मला माहीत होतं. दोन जणांना मी स्वतः सांगितलेलं आहे. तरीही पान्ह्याला तीन फुटांचा पाइप लावून मी सकाळभर उलटीकडेच जोर करत होतो. शेवटी फ्रेम खांद्यावर टाकून गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी पान्हा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही तं त्याले कसून राहिले भाऊ, खोलून नाही राहिले." दोन झटक्यांत कप बाहेर. पैसे घेतले नाहीत, पण चहा प्यायला बसलेल्या चौघांना गोष्ट सांगून वसूल केले.

आत पाव इंची छर्रे. एका बाजूला ११ हवेत, उजवीकडे ९ निघाले. कधी तरी कोणी तरी दोन कमी घालून सायकल परत दिली आणि ती तशीच चालत राहिली.

मे

रंग काढण्यासाठी पेंट रिमूव्हर आणला. नागपुरात हे काम मे महिन्यात करू नका. केलंच, तर पुढचं नीट वाचा.

जोरदार रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं आणि त्याचा उत्कलनबिंदू साधारण ४० अंश आहे. आपल्याकडे दुपारी सावलीतच पारा ४५ला टेकतो. म्हणजे गच्चीवर ठेवलेल्या डब्यात ते द्रव्य अक्षरशः उकळायच्या बेतात असतं. पहिल्या दिवशी मी सकाळी अकराला झाकण उघडलं तेव्हा फुस्स करून अर्धा कपभर माल बाहेर उडाला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. मनगटावर एक थेंब पडला, तो गार लागला आणि मग चांगलाच चावला.

त्यानंतर वेळ बदलली. पहाटे साडेपाचला सुरुवात, साडेसातला बंद. डबा रात्रभर ओल्या पोत्यात गुंडाळलेला. रिमूव्हर ब्रशने घोटायचा नाही, एकाच दिशेने जाड थापायचा आणि लगेच वर पॉलिथिन गुंडाळायचं, म्हणजे उडून जात नाही आणि आत काम करत राहतो. वीस मिनिटांनी पॉलिथिन उलगडलं की रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आलेला असतो. पत्रीने ओढला की निघतो. वाफा हवेपेक्षा जड असतात, खाली साचतात, त्यामुळे बंद न्हाणीघरात हे काम अजिबात नको. साधे हातमोजे विरघळतात, जाड रसायनवाले घ्या.

खालची तिरकी नळी, वरची आडवी आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा) या पद्धतीने तीन सकाळींत उघडे पडले. थर असे निघाले: वर बाबांनी कधी तरी हाताने मारलेला जाड काळा, त्याच्याखाली पातळ, कडक, कंपनीचा काळा आणि तळाशी नारिंगी. जुन्या नारिंगी प्रायमरमध्ये शिसं आहे असं धरूनच चालावं. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, आणि लोखंडाला गंज धरू नये म्हणून तेच प्रायमरमध्ये घालत. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आली ती २०१७च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचा कुठलाही रंग कोरडा घासू नका. पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, तोंडावर चांगला मास्क, खाली पसरलेली वर्तमानपत्रं, आणि सगळा लगदा पिशवीत बांधून वेगळा. घरात लहान मूल असेल तर हे कपडेसुद्धा वेगळे धुवा.

चौथ्या दिवशी रिमूव्हर संपला. दुकान बंद. सीटखालची उभी नळी राहिली होती, म्हटलं तोवर हाताने घासू. ३२० नंबरचा कागद, बादलीभर पाणी. बाबांचा काळा थर पातळ होत गेला आणि कंपनीच्या काळ्यावर एक पिवळी रेघ दिसली. मला वाटलं ओरखडा. ४०० नंबर घेतला, हात हलका केला. रेघेला वळण आलं, मग वेलांटी. पाऊण तास बोटाच्या टोकाने घासत राहिलो. शेवटी वाचता आलं: "ए. मि." आणि त्याखाली "टि. नं. ४१". त्यापुढे आणखी एक आकडा होता, त्याची फक्त वरची गोलाई उरली होती. ती मीच आधी ३२०ने खाल्ली.

बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, मिलच्या सायकल स्टँडवर शेकडो काळ्या सायकली, सगळ्या सारख्या. म्हणून पेंटरकडून कामगाराचा तिकीट नंबर लिहून घेत. शेवटचा आकडा त्यांना आठवेना. आत्याला फोन केला. तिचं उत्तर: "नंबर मले काय माहीत बाप्पा! मी समोरच्या दांडीवर बसत होती, मागं कायले पाहीन." शून्य असेल, नऊ असेल. ती जागा तशीच ठेवायची ठरवली. पेंटरकडून पूर्ण करून घे, असं तिघांनी सुचवलंय. नाही.

इथून पुढचं प्रत्येक काम या वीतभर पट्ट्याने ठरवलं.

जून, जुलै

मूळ बेत असा होता की हिंगणा एमआयडीसीत फ्रेम सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग करून घ्यायचं. टिकायला त्याला तोड नाही, हे मान्य. पण सँडब्लास्टमध्ये अक्षरं उडणार आणि पावडर भट्टीत १८० ते २०० अंशांवर शिजते, त्यात जुना रंग जळणार. बाद.

दुसरा बेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट, स्प्रे गनने. लवकर वाळतो, चमक छान येते, गाड्यांचे जुने पेंटर डोळे मिटून मारतात. आधी मागच्या मडगार्डवर चाचणी घेतली, कारण त्यावर तोच कंपनीचा काळा शिल्लक होता. अर्धा भाग मास्किंग टेपने झाकला, अर्ध्यावर एनसी मारला. दोन मिनिटं सुरेख. मग कडेकडेने जुना रंग फुगायला लागला, आणि पाहता पाहता हाताच्या तळव्याएवढा भाग उकडलेल्या मिरचीच्या सालीसारखा झाला. एनसीचं थिनर जहाल असतं, जुन्या इनॅमलच्या खाली शिरून त्याला उचलतं. हेच फ्रेमवर झालं असतं तर अक्षरांच्या दोन्ही कडा गेल्या असत्या. मडगार्डवर प्रयोग करायची अक्कल कुठून आली माहीत नाही, एरवी मी असा नाही.

म्हणून शेवटी साधा सिंथेटिक इनॅमल, टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा. वाळायला वेळ खातो, पण जुन्या रंगाशी भांडत नाही.

पट्ट्याच्या भोवती रिमूव्हर नेला नाही. टेप लावली तरी तो टेपखालून सरपटतो. दोन्हीकडे दीड-दीड इंच जागा सोडून ती हाताने घासली: ४००, मग ६००, मग १०००, जुन्या रंगाची पायरी बोटाला लागेनाशी होईपर्यंत. डोळ्यांवर विसंबू नका. डोळे मिटून बोट फिरवा, केसाएवढी पायरीसुद्धा कळते.

आणि नेमका तेव्हाच पाऊस आला. उघडं लोखंड एक रात्र तसंच ठेवलं, सकाळी प्रायमर मारू म्हणून. सकाळी सगळ्या फ्रेमवर फिकट केशरी धूळ, आणि वरच्या नळीवर माझ्या अंगठ्याचा ठसा, रेषान् रेषा स्पष्ट, गंजात उमटलेला. घामातलं मीठ. पोलिसांना इतका चांगला ठसा मिळत नसेल. पुन्हा घासलं, फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाला रस्ट रिमूव्हर लावला. तो गंजाचं फॉस्फेट करतो, लोखंड करडं पडतं. डब्यावर लिहिलंय तसं धुवून, लगेच कोरडं करून, वर थिनरचं फडकं फिरवून (पट्ट्यापासून लांब!) पोर्चमध्येच फ्रेम टांगली. पण हवा इतकी ओली की प्रायमर मारायची हिंमत होईना. तेव्हा मशीन ऑइलचा हात फिरवून, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली.

ऑगस्ट, सप्टेंबर

काम नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात मारबत (पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक) पाहायला गेलो. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" सुरू असताना शेजारच्या मित्राने जोरात "गंज घेऊन जा गे मारबत" म्हटलं. एवढीच या दोन महिन्यांतली प्रगती.

ऑक्टोबर

हवा कोरडी झाली. तेल थिनरने तीनदा पुसून काढलं, प्रत्येक वेळी नवीन फडकं. करड्या थरावर पुन्हा हलका ४००. मग रेड ऑक्साइड झिंक क्रोमेट प्रायमर, दोन पातळ हात, मध्ये एक दिवस. क्रोमेटची धूळही विषारी, तेव्हा इथेही ओलंच घासायचं. चिमट्याच्या वरच्या भागात दोन खड्डे होते, तिथे लांबी भरली. बाकी ओरखडे तसेच ठेवले. साठ वर्षांच्या सायकलला गुळगुळीत चेहरा शोभत नाही, असं माझं मत. पटत नसेल तर भरा लांबी.

रंग ब्रशने मारला. होय, ब्रशने. गन होती, पण इनॅमल गनने मारला की घरभर बसतो आणि दिवाळीची साफसफाई तोंडावर होती. एक इंची मऊ ब्रश, रंगात जेमतेम दहावा हिस्सा टर्पेंटाइन. आधी अडचणीच्या जागा: लगच्या कडा, बीबीचा पोटाचा भाग, मागच्या नळ्यांच्या बेचक्या. मग लांब नळ्या, एका दमात, आणि शेवटचा फटकारा नुसत्या ब्रशच्या टोकाने, ओल्याकडून कोरड्याकडे नाही तर कोरड्याकडून ओल्याकडे. मारून झालं की हात खिशात. पुन्हा "जरा इथे" म्हणून ब्रश लावलात की खुणा कायमच्या. फ्रेम स्टोअररूममध्ये हेड ट्यूबमधून दोरी ओवून टांगली, फरशी ओली करून ठेवली म्हणजे धूळ उडत नाही. तरी दुसऱ्या हातावर एक चिलट येऊन बसलंच. काढायचं नाही. वाळू द्यायचं, मग १००० नंबरने घासलं की त्याचे पायसुद्धा उरत नाहीत.

तीन हात झाले. प्रत्येक हातामध्ये पूर्ण एक दिवस आणि ६००चा ओला कागद.

पट्ट्याच्या कडेला नवा काळा जुन्या काळ्याशी जुळत नाही. नवा गर्द आणि चकचकीत, जुना किंचित तपकिरीकडे झुकलेला. जुळवायचा प्रयत्न केला नाही. अक्षरांवर व्हार्निश नको, ते पिवळं पडतं. नुसतं मेण, मऊ कापडाने, वर्षातून दोनदा.

नळ्यांच्या आतून जवसाचं तेल सोडायचंय. आपल्या चटणीच्या जवसाचंच, फक्त रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या, कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. हे रंगाच्या आधी करू नका, बारीक भोकांतून झिरपतं आणि तिथे रंग धरत नाही. आणि एक गोष्ट गंभीरपणे: या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि ढिगातल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

सध्या

फ्रेम टांगलेली आहे. हाताला रंग लागत नाही, पण नखाने दाबलं तर अजून दबतो. म्हणून निदान तीन आठवडे काहीही आवळायचं नाही, मागच्या ब्रेकची पट्टी तर अजिबात नाही. तोवर रॉड ब्रेक आणि हँडलची निकेल-क्रोम घासतोय: अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा आणि साधं पाणी, अ‍ॅसिड नाही. अर्धं हँडल झालंय, अर्धं तसंच आहे.

काटर पिना नव्या आणल्यात, छर्रे २२ मोजून घेतले. मिस्त्रीकाकांनी पुडी देताना विचारलं, "कप कोणत्या बाजूनं बसवान?"