बारा कॅटी लवंगा

नोंद परत आली तेव्हा तिच्यावर थोरल्या संपादकांनी पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहिला होता : पान स्वतः पाहिलंय का?

नव्हतं पाहिलं.

एका इंग्रजी कोशासाठी मी अवतरणं तपासते. शब्द पहिल्यांदा कुठे छापला गेला, कोणत्या वाक्यात, कोणत्या पानावर, हे मूळ पुस्तक उघडून ताडून बघायचं, एवढंच काम. त्या आठवड्यात वाट्याला आला होता ‘डंगरी’. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये घालतात ती डांगरी, तीच. मुळात हे जाड सुती कापडाचं नाव, नंतर त्या कापडाच्या कपड्यांना चिकटलं. डोंगरीवरून ते पडलं अशी समजूत आहे आणि माझी मावशी डोंगरीलाच राहते. काका माझगावच्या गोदीत डांगरी घालूनच जायचे. त्यामुळे नोंद लिहिताना माझा हात जरा सैल सुटला होता. साल ठोकून दिलं १६१३, आणि मावशीला फोनही करून टाकला, की तुमची डोंगरी चारशे वर्षांपूर्वीच इंग्रजीत गेली म्हणून.

साल मी उचललं होतं ‘हॉब्सन-जॉब्सन’मधून. यूल आणि बर्नेल यांचा हा १८८६चा कोश, हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा. त्यात १६१३ या सालाखाली कॅप्टन सारिस याचं वाक्य दिलंय आणि पुढे बारीक अक्षरात ‘पर्चस, खंड १, पान ३६३’. त्या बारीक अक्षराकडे मी काणाडोळा केला. विद्यार्थिनी असताना पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाच्या चिठ्ठ्यांची कपाटं पाहिली होती, कोटीच्या घरात चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीवर ग्रंथ नि स्थळ. तेव्हा फार भारावून गेले होते म्हणे!

तर लंडन, ब्रिटिश लायब्ररी, दुर्मीळ पुस्तकांची खोली. पेन आत चालत नाही, पेन्सिल चालते. हातमोज्यांचं मात्र सिनेमातलंच खूळ. हात स्वच्छ धुतलेले असले की झालं. फोमच्या उशांवर पर्चसचा पहिला खंड ठेवला. सॅम्युअल पर्चस हा पाद्री, जगभरच्या प्रवासवर्णनांचे चार जाडजूड खंड याने १६२५मध्ये छापून काढले, आणि स्वतः म्हणतो की जन्मगावापासून दोनशे मैलांपलीकडे कधी गेलो नाही. त्याच्या आधी प्रवासवर्णनं गोळा करणाऱ्या रिचर्ड हॅक्लुटचे कागद त्याच्या हाती आले होते, त्यात त्यानं आपली भर घातली आणि कात्रीही सढळ चालवली. या खंडाची एक खोड ठाऊक असावी लागते : पहिला भाग संपला की पानांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. नुसतं ‘पान ४०’ लिहिलं तर कोणतं चाळीस, हा प्रश्न उरतो. ३६३ मात्र एकच आहे.

पान जाड, अजून करकरीत. त्या काळचा कागद चिंध्यांचा. जुनी कापडं कुजवून, कुटून केलेल्या कागदावर मी कापडाचं नाव शोधत होते.

सापडलं. सारिसचं जहाज ‘क्लोव्ह’, म्हणजे लवंगच, मोलुक्का बेटांवर (आजच्या इंडोनेशियात) लवंगा घ्यायला गेलेलं. बदल्यात द्यायचं ते खंबायतचं आणि कोरोमांडलचं सुती कापड. कोणत्या कापडाला किती लवंगा, याची यादी. भडोचच्या कँडकीनला सहा कॅटी. (कॅटी हे तिकडचं वजन.) आणि खाली डी-ओ-एन-जी-ई-आर-आय-जे-एन-एस, त्यातलं उत्तम, बारा.

भिंग घेऊन आधी ‘फाइनेस्ट’ हा शब्द पाहिला, कारण त्यात एफही आहे आणि लांब एसही, म्हणजे जुन्या छपाईतला एफसारखा दिसणारा एस. एफची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते, लांब एसला असलीच तर डावीकडे नुसती चिमटीएवढी. फरक डोळ्यात बसला की मग पुढचं वाचायचं. आमच्या शब्दात एस शेवटी, साधा. घोळ आहे तो त्याच्या आधीच्या आय-जे-एन मध्ये. छापील पानावर ती अक्षरं स्वच्छ आहेत, पण छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापुढे होतं ते हस्तलिखित, आणि त्या काळच्या हातात आय, एन, यू म्हणजे नुसते उभे फराटे. मोडी वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सारिसनं काय लिहिलं, नकलाकारानं काय उतरवलं आणि जुळाऱ्यानं काय वाचलं, ही तीन वेगवेगळी माणसं आहेत. मला तर ते रूप डच वळणाचं वाटतं. मोलुक्कात तेव्हा डच होतेच.

मग सालाचं काय? इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, आणि क्लोव्ह जहाज त्या बेटांत होतं ते फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. म्हणजे आपल्या १६१३मधले पहिले काही आठवडे त्यांच्या लेखी १६१२च. व्यवहार १६१३चा, पण शब्दाचं हे रूप ज्याच्या जोरावर मी कोशात घालणार तो कागद १६२५चा, तोही पर्चसच्या कात्रीखालून गेलेला. माझ्या मते ठळक अक्षरात १६२५ यायला हवं आणि १६१३ कंसात. संपादक म्हणाले, उलट लिहा, पण दोन्ही सालं दिसू देत. आमच्याकडची रीत तशीच आहे, त्यामुळे मी ऐकलं. पटलेलं नाही.

संध्याकाळी मावशीला फोन केला. थुंकी गिळायची तर लगेच गिळावी.

“मावशी, त्या ओळीत मुंबईचं नाव नाहीये गं. कापड खंबायतचं आणि कोरोमांडलचं म्हटलंय. मुंबई तर तेव्हा पोर्तुगीजांकडे.”

“अगं, मग खंबायतच्या कापडाला डोंगरी कशाला म्हणतील?”

“तेच तर माहीत नाही.”

“आणि तू मला मागच्या आठवड्यात छातीठोक सांगितलंस. मी शेजारच्या फातिमाबीला सांगून बसले.”

तिचा प्रश्न मी चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं लिहून व्युत्पत्तीच्या टेबलावर पाठवला. चिठ्ठी अजून तिकडेच आहे.