मे महिन्यात जळगावात फँटम मोजायचं तर

२.४५ गिगाहर्ट्झला स्नायूचा परावैद्युत स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो, त्याचा आकडा) ५२-५३, चरबीचा जेमतेम ५. एवढी तफावत आहे म्हणून तर मायक्रोवेव्हने शरीराच्या आतलं चित्र काढता येतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या गटाने स्तनांच्या तपासणीसाठी १६ अँटेनांचं कडं वापरलं. पाळीपाळीने एक बोलते, १५ ऐकतात, म्हणजे २४० मापं. कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांना थेट कडंच करायचं असतं. आधी प्रोब करा, म्हणजे टोक टेकवून पदार्थाचा स्थिरांक मोजायची केबल. फँटममध्ये, म्हणजे शरीराऐवजी मोजायच्या नकली ऊतीत, काय भरलंय तेच माहीत नसेल, तर चित्र बरोबर आलं की चूक, हे कोण सांगणार?

प्रोबसाठी आरजी-४०२ सेमी-रिजिड केबलचा (तांब्याची नळी, आत टेफ्लॉन आणि मधोमध तार) १० सेंमी तुकडा, एका टोकाला मापयंत्राला जोडायचा एसएमए कनेक्टर. दुसरं टोक काचेवर वॉटर पेपर ठेवून घासायचं: ६००, १२००, मग २०००. तापल्यावर टेफ्लॉन तांब्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, त्यामुळे सकाळी सपाट केलेलं टोक दुपारी किंचित बाहेर आलेलं असतं. नखाला लागतं. मापायच्या तापमानालाच शेवटचा हात फिरवा.

कॅलिब्रेशनला, म्हणजे माहीत असलेल्या गोष्टी मोजून माप जुळवायला, तीन गोष्टी: मोकळी हवा, शॉर्ट (टोकाशी तार आणि नळी धातूने जोडणं) आणि पाणी. शॉर्टसाठी पोळ्या गुंडाळायचा फॉइल खोडरबरावर ठेवून टोक दाबा. पाणी बोअरचं नको, त्यातल्या क्षारांनी वाहकता वाढते. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी घ्या. आणि खानदेशात हमखास चुकतं ते तापमान. पाण्याचा स्थिरांक २० अंशांना ८०, ४० अंशांना ७३. सॉफ्टवेअरमध्ये २० अंशांचा आकडा आणि ग्लासात ४० अंशांचं पाणी, मग पुढचं सगळंच माप वाकडं. थर्मामीटर ग्लासातच राहू द्या.

जिलेटिनचं फँटम आपल्याकडे मे महिन्यात टेबलावरच वितळतं. चायना ग्रास, म्हणजे अगर, वापरा. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम अगर उकळून विरघळवा, दीड ग्रॅम मीठ घाला. स्थिरांक खाली आणायला साखर, थोडी थोडी, दर वेळी मोजून. अर्धा ग्रॅम सोडियम बेन्झोएट विसरलात तर दोन दिवसांत आंबतं, मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. कूलरसमोर वरचा थर सुकतो, म्हणून क्लिंग फिल्म लावा. उलट, अगरला सुटलेलं पाणी वर साचलं तर आकडा फुगतो, टिपकागदाने टिपा.

मापताना प्रोब हलवू नका, केबल वाकली की लहरीची फेज सरकते आणि माप चुकतं. प्रोब स्टँडला बांधा आणि नमुना खालून वर आणा. टोकाखाली बुडबुडा अडकला तर स्थिरांक एकदम पडतो, म्हणून नमुना किंचित तिरका भिडवा. सरावाला पिकलं केळं उत्तम. भरताचं वांगं मात्र नको, त्याच्या गरात हवाच फार. आकडा कमी येतो आणि दोष प्रोबला दिला जातो.

शेवटी पुन्हा बॅटरीचं पाणी मोजा. सुरुवातीच्या मापापेक्षा एक-दीडने जास्त फरक पडला असेल, तर मधली सगळी मापं फेकून द्या.