कनिफे, निघट आणि वेडनेसडे

आमच्या ओट्यावर संध्याकाळी चालणारा अभ्यास थेट स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. तिसरीत शिकणारी नात भिंतीला पाठ टेकून बसते, वही मांडीवर घेते आणि पुढे-मागे झुलत घोकू लागते : ‘के एन आय एफ ई, कनिफे, नाइफ म्हणजे सुरी. एन आय जी एच टी, निघट, नाइट म्हणजे रात्र.’ ही रीत तिला शाळेने शिकवलेली नाही. ती तिच्या आईची आहे, आईच्याही आधी माझी होती, आणि माझ्या माहितीत खानदेशातल्या एकाही मराठी शाळेतले पोर तिच्यावाचून ‘वेन्सडे’चे स्पेलिंग शिकलेले नाही. उच्चार एक करायचा आणि पाठ करण्यासाठी दुसराच उच्चार, ‘वेडनेसडे’, मनात जपून ठेवायचा, अशी ही दुहेरी जमाखर्चाची वही आहे.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटत असे. पहिलीपासून ते सुरू झाले २००० साली. पाचवीच्या वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने एकदा मनातला उच्चार चुकून मोठ्याने वाचला. ‘कनिफे’ हा शब्द ऐकताच गुरुजींनी ‘कोण, कानिफनाथ का?’ असे विचारले, वर्ग हसला, आणि त्या मुलाच्या हातावर दोन पट्ट्या बसल्या. मीही हसलो होतो. पुढे भुसावळला रेल्वेच्या कार्यालयात कारकुनी करताना टेबलावर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश पडून असे. मसुद्यात अडलेला शब्द पाहण्याच्या निमित्ताने शब्दापुढच्या कंसातली त्याची कुळकथा वाचण्याची सवय मला तिथे लागली. सुरीच्या शब्दापुढचा कंस वाचला, तेव्हा मला त्या मुलाच्या हाताची आठवण झाली.

कारण त्या शब्दातला ‘क’ मुका नव्हताच. उत्तरेकडच्या समुद्री लुटारूंबरोबर तो शब्द इंग्लंडात आला आणि कित्येक शतके तिथले लोक त्याला सरळ ‘क्नीफ’ म्हणत होते. ‘नॉलेज’मधला ‘क’ही बोलला जात होता, म्हणजे आमच्या ‘कनोवलेडगे’ची सुरुवात तरी बरोबर होती. ‘क्न’ हे जोडाक्षर इंग्रजांच्या जिभेवरून गळून पडले ते सतराव्या शतकाच्या आसपास, आणि तोवर उशीर झाला होता. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला होता, अक्षरे शिशाच्या खिळ्यांत बसू लागली होती, आणि त्याच सुमारास इंग्रजांचे दीर्घ स्वर मात्र एकापाठोपाठ एक आपली जागा सोडून चालले होते. तोंडातला शब्द पुढे गेला आणि कागदावरचा मागेच राहिला. आपण इंग्रजीची स्पेलिंगे वेडीवाकडी म्हणतो, पण त्यांतली पुष्कळशी एके काळी सरळच होती.

हे कळल्यावर माझा एक छंदच झाला. आम्ही पाठांतरासाठी ज्या ज्या शब्दांचे हसे केले होते, ते एकेक करून मी कोशात पाहत गेलो. ‘नेम’ला आम्ही ‘नामे’ म्हणत असू, आणि सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज त्याला ‘नाम’ म्हणून शेवटी ‘अ’सारखा एक पुसट स्वर सोडत असे. आपल्या ‘नाम’चा तो दूरचा भाऊबंदच आहे. ‘नाइट’मधल्या ‘जी-एच’चा उच्चार घशातून, ‘ख’च्या जवळचा होत असे. तो जुना ‘निख्त’ आणि आपला संस्कृत ‘नक्त’ हे एकाच मूळ घरातले. माझी आजी श्रावण सोमवारी ‘नक्त’ करीत असे, म्हणजे दिवसभर उपाशी राहून रात्री जेवत असे. तिला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते, पण तो शब्द तिच्या तोंडी होता. आणि वेडनेसडे? तो वोडन नावाच्या देवाचा दिवस, त्यातले ‘ड’ आणि ‘न’ दोन्ही खरे. रोमन लोक ज्याला मर्क्युरीचा वार म्हणत, त्याला उत्तरेकडच्या लोकांनी मर्क्युरीच्या जागी आपला वोडन बसवून हे नाव दिले. आकाशातला मर्क्युरी म्हणजे आपला बुध, तेव्हा वार तोच राहिला.

प्रत्येक मुके अक्षर मात्र असे खानदानी नसते, हेही सांगितले पाहिजे. कर्जाच्या ‘डेट’ या शब्दातला ‘बी’ कोणी कधीच उच्चारला नाही. तो शब्द फ्रेंचांकडून ‘बी’शिवाय आला होता, पुढे पंडितांना त्याचे लॅटिन मूळ आठवले आणि केवळ विद्वत्ता दाखवण्यासाठी त्यांनी तो मध्ये घुसडला. बेटाच्या ‘आयलंड’ शब्दातला ‘एस’ तर गैरसमजातून आला, कारण त्या शब्दाचा लॅटिनशी काही संबंधच नव्हता. सोसायटीच्या कर्जात मुद्दलाखेरीज न घेतलेली रक्कम चढलेली निघावी, तसा हा प्रकार आहे, आणि तो मात्र आम्हां पोरांना उगीच फेडावा लागला.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? माझ्या आजोबांची जुनी पत्रे काढली, तर त्यांत ‘गांवीं’, ‘नांव’, ‘केळें’ अशी टिंबांची पेरणी दिसते. ती टिंबेही एके काळी नाकातून बोलली जात होती, कोकणात त्यांतली काही अजून ऐकू येतात. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले आणि माझ्या पिढीच्या पट्ट्या वाचवल्या. इंग्रजीला असा झाडू मारणारे कोणी भेटले नाही. अमेरिकेत वेब्स्टरने १८२८ च्या आपल्या कोशात ‘कलर’मधला ‘यू’ गाळला, पण कनिफेच्या ‘के’ला हात लावणे त्यालाही जमले नाही. तरीही आपली लिपी बोलल्याप्रमाणे लिहिते, हा अभिमान जपूनच बाळगावा. पृथ्वीचे ‘जग’ आणि ‘शतायुषी जग’ म्हणून दिलेल्या आशीर्वादातला ‘जग’ एकाच अक्षरांनी लिहून आपण दोन तऱ्हांनी उच्चारतो, आणि एखादा परका माणूस त्यात सापडला की आपण त्याला हसतो.

आम्हां अहिराणी बोलणाऱ्यांना तर ही कसरत इंग्रजीच्या आधीच पाठ होती. घरी ‘डोया’ म्हणायचे आणि वहीत ‘डोळा’ लिहायचे. घरी ‘काया’, पुस्तकात ‘काळा’. घरी ‘शे’, शाळेत ‘आहे’. माझ्या मते खानदेशातल्या खेड्यातल्या मुलाची पहिली परकी भाषा पुस्तकी मराठी ही असते, इंग्रजी ही दुसरी. म्हणूनच कदाचित लिहायचे एक आणि बोलायचे दुसरे, या गोष्टीचे आम्हांला पुण्याच्या मुलांइतके नवल वाटले नसावे.

अनेकवचनांचा तास तेवढा आमच्या बाजूने लागला. ‘गूस’चे ‘गीज’ होते हे शिकल्यावर सगळ्या वर्गाने ‘मंगूस’चे ‘मंगीज’ केले होते आणि सगळ्या वर्गाला ते खोडावे लागले होते. कारण त्या वेळी कोणी सांगितले नाही. कारण असे की तो शब्द मुळी इंग्रजांचा नाही. तो आपला मुंगूस, पोर्तुगीजांच्या जहाजातून तिकडे गेलेला. बांधावरून पळणाऱ्या प्राण्याचे नाव आम्ही पुस्तकातून परक्याचे म्हणून शिकत होतो. वांग्याचा प्रवास तर याहून लांबचा. संस्कृतातले ‘वातिंगण’ इराणात गेले, तिथून अरबांकडे, अरबांकडून पोर्तुगालला, आणि पोर्तुगीज त्याचे ‘ब्रिंजल’ करण्याजोगे रूप घेऊन पुन्हा आपल्याच किनाऱ्याला लागले. विलायतेतले इंग्रज ‘ब्रिंजल’ म्हणत नाहीत, ते त्याच अरबी शब्दाचे फ्रेंच वळणाचे रूप वापरतात, आणि अमेरिकन तर त्याला अंड्याचे झाड म्हणतात. बामणोदच्या पांढरट हिरव्या वांग्याकडे पाहून मला तेही अगदीच चुकीचे वाटत नाही.

काल अशीच वांगी अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायला घातली होती आणि धूर ओट्यावर येत होता. नातीचे घोकणे चालूच होते. कांद्याची पात चिरायला बसलेल्या सौभाग्यवतींना सुरी सापडेना. गेले महिनाभर तोच धडा कानावर पडत असल्यामुळे असेल, त्यांनी आतूनच विचारले, ‘‘कनिफे कोठे शे व माय?’’ नातीने वहीवरची नजर न काढता सांगितले, ‘‘मोरीजवय.’’