मीटरवर बारा वाजले

शाळेत आपण ज्याला 'सामू' म्हणायचो, त्याला प्लांटवर कुणी सामू म्हणत नाही. "पीएच किती आला?" एवढंच. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मला रात्रपाळीला सांडपाण्याच्या टाकीवर धाडलं. टाकी वीस हजार लिटरची, निम्मी भरलेली. आत हायड्रोक्लोरिक ॲसिडचं धुवण, पीएच 2. कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा, घालून ते 7 च्या आसपास, म्हणजे ना आम्ल ना अल्कली असं, आणायचं, एवढंच काम.

पिंपातल्या पाण्यात कॉस्टिकच्या फ्लेक्स थोड्या थोड्या करून विरघळवल्या. पिंप असं तापतं की हात लावून देत नाही. 3.6 किलोचं द्रावण टाकीत सोडलं. ढवळणी फिरतेय, आकडा मात्र ढिम्म. रडतखडत 3 वर आला. मी हिशेब केला: एका आकड्याला 3.6 किलो, अजून चार आकडे बाकी. मग बिनधास्त तेवढंच पुन्हा ओतलं.

आकडा तिनावरून जो उठला तो थेट 11.9 वर जाऊन थांबला. बारा वाजायला एक दशांश कमी!

आधी मी प्रोबला, म्हणजे मीटरच्या पाण्यात बुडणाऱ्या कांडीला, दोष दिला. 4, 7 आणि 10 अशा ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत (बफरमध्ये) बुडवून पाहिला, तिन्ही आकडे चोख. मग मुकाट्यानं लॉगबुकाच्या मागच्या पानावर गणित मांडलं. पीएच 2 म्हणजे लिटरमागे 0.01 मोल (कण मोजायचं रसायनशास्त्राचं माप) हायड्रोजन आयन, 3 म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. दहा हजार लिटरला 2 वरून 3 वर यायला 3.6 किलो कॉस्टिक, पण 3 वरून 4 ला फक्त 360 ग्रॅम आणि पुढच्या पायरीला 36. म्हणजे शेवटी शेवटी चमच्याचं काम, आणि मी पिंप उपडं केलं होतं! 1909 मध्ये सोरेन्सन यांनी दहाच्या ऋण घातांकांची कटकट टाळायला हे सुटसुटीत आकडे आणले. कागदावर सोय झाली खरी, पण 2 आणि 3 शेजारी शेजारी दिसतात तिथंच माणूस फसतो.

एवढा वेळ ऑपरेटर काका शांत उभे होते. "साहेब, तिनाच्या पुढं हात आखडता घ्यायचा," एवढंच म्हणाले.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

आता उतरवायला वेगळं ॲसिड आणायचं म्हणून मी निघालो, तर काकांनी अडवलं. धुवणाचं ताजं पाणी येतच होतं, तेही पीएच 2 चंच. त्यांनी सरळ त्याचा व्हॉल्व्ह उघडला. जास्तीचं कॉस्टिक 3.2 किलो, म्हणजे 80 मोल. त्याला असलं पाणी आठ हजार लिटर लागणार. टाकीत जागा होतीच. पहाटेपर्यंत आकडा अकराच्या वरच रेंगाळला. साडेसात हजार लिटर गेल्यावर काकांनी व्हॉल्व्ह केसभर उघडा ठेवला आणि डोळे मीटरला लावले. 10.6... 10.1... 9.2... आणि त्यांनी चाक आवळलं. ढवळणी फिरत राहिली, आकडा 7.3 वर टेकला.

लॉगबुकात लिहिलं: कॉस्टिक 7.2 किलो, पाणी अठरा हजार लिटर. काकांनी वाचलं, सही केली आणि चहाला गेले.