घसाऱ्याचे शंभर रुपये

एका मोठ्या कंपनीत फायनान्शियल अ‍ॅनालिस्टच्या पदासाठी मी दिलेली पहिली मुलाखत एका साध्या प्रश्नावर अडली. घसारा, म्हणजे वापराने यंत्रांची किंमत घटते म्हणून दरवर्षी खर्चात धरली जाणारी रक्कम, १०० रुपयांनी वाढला तर नफा-तोटा, रोख प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही आर्थिक पत्रकांत काय बदलेल, असे मला विचारण्यात आले. नफा कमी होईल, हे मी लगेच सांगितले. रोख रकमेचे काय, या पुढच्या प्रश्नावर मात्र "तीही कमी होईल," असे म्हणून मोकळा झालो. समोरच्या बाईंनी काही न बोलता वहीत काहीतरी टिपले, आणि उरलेली मुलाखत केवळ सौजन्यापोटी चालली आहे, हे मलाही कळत होते.

त्याआधीचे तीन आठवडे मी एक्सेलची सूत्रे घोटण्यात घालवले होते. ते वाया गेले असे नाही, पण घसाऱ्याचा हा हिशेब मी एकदाही कागदावर मांडून पाहिला नव्हता. त्या रात्री तो मांडला. कराचा दर सोयीसाठी २५ टक्के धरला, तर करपूर्व नफा १०० ने घटतो, कर २५ ने वाचतो आणि निव्वळ नफा ७५ ने कमी होतो. घसाऱ्यापोटी पैसा प्रत्यक्ष कोणालाही दिला जात नाही, म्हणून रोख प्रवाह पत्रकात ते १०० पुन्हा मिळवले जातात आणि रोख उलट २५ ने वाढते. ताळेबंदात यंत्रसामग्री १०० ने उतरते, रोख २५ ने चढते, आणि दुसऱ्या बाजूला भागधारकांचा निधी ७५ ने घटतो, की दोन्ही बाजू जुळल्या.

पाठ्यपुस्तकातले उत्तर इथे संपते. आपल्याकडे मात्र आयकरासाठीचा घसारा आयकर कायद्यातल्या दरांनी वेगळा काढला जातो, त्यामुळे कंपनीने केवळ स्वतःच्या पुस्तकांत घसारा वाढवला तर त्या वर्षी भरायचा कर एक रुपयानेही कमी होत नाही. रोख जिथल्या तिथे राहते आणि २५ रुपयांचा फरक डिफर्ड टॅक्सच्या, म्हणजे पुढच्या वर्षांवर ढकललेल्या कराच्या, खात्यात जातो.

पुढच्या मुलाखतीच्या तयारीसाठी मी प्रश्नसंच बाजूला ठेवले आणि त्या कंपनीचा वार्षिक अहवाल पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. अध्यक्षांचे मनोगत आणि कारखान्यांची रंगीत छायाचित्रे ओलांडून थेट हिशेबांच्या टिपांकडे जावे, असे माझे मत आहे. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम किती जुनी आहे, हे सहा महिन्यांच्या आतल्या येण्यांपासून तीन वर्षांहून जुन्या येण्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने दाखवावे लागते. प्रमुख गुणोत्तरेही, म्हणजे कर्ज आणि भांडवल यांच्यासारख्या दोन आकड्यांची प्रमाणे, द्यावी लागतात, आणि एखादे गुणोत्तर मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक बदलले असेल तर त्याचे कारणही लिहावे लागते. म्हणजे उमेदवाराने विचार करावा अशी जागा कंपनीने स्वतःच दाखवून दिलेली असते. कारण बहुधा एका ओळीत उरकलेले असते. ते पटते का, हे मात्र बाकीच्या टिपांशी ताडून आपणच पाहायचे. या अहवालात विक्रीच्या मानाने येणी बरीच अधिक वाढलेली दिसली, तेव्हा उधारीची मुदत वाढवून विक्री फुगवली असावी की वर्षाअखेरीस एखादी मोठी ऑर्डर गेली असावी, या दोन्ही शक्यता मी वहीत लिहून ठेवल्या.

मुलाखतीत येण्यांचा विषय निघालाच नाही. घसारा मात्र निघाला, जवळजवळ त्याच शब्दांत. या वेळी उत्तर देण्याआधी मी विचारले, "आयकराच्या हिशेबातही घसारा तेवढाच वाढला, असे धरायचे का?" पुढची दहा मिनिटे त्या एकाच प्रश्नावर गेली, आणि एक्सेलचे नावही कोणी काढले नाही.