ह्याला ठिबक नाही का?

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि निफाडची आत्या सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे इंदिरानगरला आली. तिकडे घरामागे द्राक्षबाग, सकाळी सहापासून माणसांची वर्दळ. इथे चौथा मजला, वॉकर आणि समोर भिंत. पहिला आठवडा भेटायला येणाऱ्यांत गेला. दुसऱ्या आठवड्यात तिने खुर्चीत बसल्या बसल्या माझ्याकडून अख्ख्या स्वयंपाकघराची मांडणी बदलून घेतली. मिसळणाचा डबा गॅसपासून इतका लांब का, ह्याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मालिकांतल्या सगळ्या सासवा तिला एकसारख्या दिसायला लागल्या.

"तू रात्री ते कानाला लावून काय खेळत बसतेस गं? मलाही दे काहीतरी. मारामारी नको."

मला भलताच उत्साह आला. आम्हा खेळणाऱ्यांचा एक पक्का गैरसमज असतो, की ज्यात कोणी मरत नाही तो खेळ सोपा. म्हणून मी तिला जंगलात नुसतं भटकायचा एक खेळ लावून दिला. शत्रू नाहीत, घाई नाही. हातात कंट्रोलर दिला आणि सांगितलं, डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मान वळवायची. पुढची दहा मिनिटं आत्या आभाळाकडे बघत एकाच झाडाला धडका देत होती. "अगं, ह्याची मान आखडलीय," असं म्हणून तिने कंट्रोलर परत केला.

दोन अंगठे एकाच वेळी वेगवेगळ्या कामांना लावणं ही शिकलेली गोष्ट आहे, हे मी साफ विसरले होते. सायकल येणाऱ्याला तोल म्हणजे काय हे सांगता येत नाही, तसंच. १९९० साली विंडोजबरोबर सॉलिटेअर आला, त्यावर किती कारकुनांचा हात माऊसवर बसला असेल! पत्ता धरायचा, ओढायचा, सोडायचा. आत्यालाही मी तिथूनच सुरुवात करून दिली. आयुष्यभर बदाम सात आणि झब्बू खेळलेल्या बाईला पत्ते कशाला शिकवायचे? दोन दिवसांत माऊस तिच्या मुठीत आला. फक्त एकटीने पत्ते खेळणं तिला जरा अपशकुनी वाटायचं, ते वेगळं.

मग मी दुसरी चूक केली. शेतीची बाई म्हणून 'स्टारड्यू व्हॅली' लावून दिला. २०१६ साली आलेला हा खेळ एरिक बॅरोन नावाच्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बसून बनवलाय. चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. शहरातली नोकरी सोडून माणूस आजोबांच्या शेतावर येतो, अशी गोष्ट. जगभरातले थकलेले लोक ह्यात विसावा शोधतात, मीही त्यातलीच. आत्याने झारीने एकेक रोप भिजवायला घेतलं आणि सातव्या रोपाला विचारलं, "ह्याला ठिबक नाही का?"

आहे, पण ते पुढे मिळतं, मी म्हटलं. तोवर पडद्यावरचा माणूस दमला. थोड्या वेळाने रात्र झाली, तरी आत्या शेतातच. रात्री दोनला तो तिथेच कोसळला. ह्या खेळातला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि आपल्या घड्याळाने जेमतेम चौदा मिनिटांत संपतो. मला ती लगबग गोड वाटते, कारण मी कधी शेतावर नव्हते. आत्याला तो शुद्ध कामाचा दिवस वाटला, मजुरीशिवाय.

तरी तिने एक प्रश्न विचारलाच, "द्राक्षं आहेत का ह्यात?" आहेत. शरद ऋतूत लावायची, दहा दिवसांत घड येतात आणि पुढे दर तीन दिवसांनी पुन्हा. हे ऐकून आत्या इतकी हसली की टाक्यांवर हात ठेवायला लागला. "एप्रिलची छाटणी नको, ऑक्टोबरची नको, डावणी नाही, भुरी नाही. दहा दिवसांत! तुझ्या काकांना सांगू नकोस, माझं ऐकायचे नाहीत, लगेच रोपं मागवतील." मग स्वतःशीच म्हणाली, "गारा पडतात का?" मी नाही म्हटलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

मधल्या दिवसांत 'अ शॉर्ट हाइक' बरा चालला. ह्यात मान वळवायची भानगड नाही. एक पक्षीण फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढते, एवढंच. आत्याला ते लगेच पटलं; तिच्याकडेही रेंजसाठी गच्चीवरच जावं लागतं. पण तिचा जीव जडला तो 'अनपॅकिंग'वर.

२०२१ सालचा हा खेळ. एक मुलगी, जी आपल्याला कधीच दिसत नाही, १९९७ ते २०१८ ह्या काळात आठ वेळा सामान हलवते. आपण फक्त खोकी उघडायची आणि वस्तू जागच्या जागी लावायच्या. घड्याळ नाही, गुण नाहीत. नुसता माऊस. सगळी खोकी रिकामी झाली की चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तूंभोवती लाल रेघ येते. ही रेघ आत्याला मुळीच आवडली नाही. "ह्यांना कुणी विचारलं?" मी सांगितलं, सेटिंगमध्ये एक बटण आहे, ते चालू केलं की काहीही कुठेही ठेवता येतं. ती म्हणाली, "नको. चुकलं तर कळू दे."

रोज दुपारी चहानंतर एक घर. भांडी मोठ्यापासून लहानापर्यंत, कपडे रंगाने, पुस्तकं उंचीने. माझ्या स्वयंपाकघरावरचं लक्ष उडालं, हा माझा फायदा.

चौथ्या घरात, २०१० साली, ती मुलगी मित्राकडे राहायला जाते. जागोजाग त्याचंच सामान. खोक्यातून तिचं पदवीचं प्रमाणपत्र निघालं, चौकटीसकट. आत्याने ते इकडे ठेवून पाहिलं, तिकडे ठेवून पाहिलं, त्या बाप्याच्या वस्तू सरकवून पाहिल्या. शेवटी सगळीकडे लाल. ते मान्य होतं फक्त पलंगाखाली.

मी आत चहाची भांडी विसळत होते. बाहेरून हाक आली.

"ए, तुझं ते कुठेही ठेवायचं बटण कुठंय?"